वेचणीच्या दिवसांतला रात्रीचा स्वयंपाक

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"घरात आम्ही सहा जण. सासू-सासरे, आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. कापसाची वेचणी सुरू झाली की सकाळी नऊला वावरात जाते, घरी यायला साडेसहा होतात. तिथून सगळं सुरू केलं की ताटं वाढायला नऊ वाजतात. पोरं तोवर बिस्किटं, शेव खाऊन पेंगायला लागतात. थकवा असतो म्हणून रोज चून-भाकर (पिठलं-भाकर), नाहीतर वांगं-आलू. भाकरीसुद्धा अलीकडे काठाला फाटतात. डाळ शिजायला वेळ लागतो. फ्रिज नाही, संध्याकाळी लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे मिक्सर चालत नाही. सकाळीच करून ठेवावं तर सासऱ्यांना शिळं चालत नाही. रविवारी बाजारात पोरं समोसे-भजे खातात आणि घरी येऊन मला पुन्हा पूर्ण स्वयंपाक करावा लागतो. मागे एकदा धाब्यावर गेलो, तिथला सावजी रस्सा पोरांना इतका तिखट लागला की ताट तसंच राहिलं. काही मार्ग सुचवा."

ताई,

तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे. नोव्हेंबरातही दुपारी आपल्याकडे तिशीच्या आसपास पारा असतो. सकाळी आठला केलेलं वरण, पुन्हा न उकळता, रात्री आठला वाढणं चवीला आणि पोटाला दोन्हीला वाईट. म्हणून सकाळी स्वयंपाक "करून" ठेवू नका. सकाळी फक्त कच्ची तयारी उरकायची आणि शिजवायचं सगळं संध्याकाळीच. तुमचे अडीच तास जातात ते शिजवण्यात जात नाहीत. निवडणं, सोलणं, वाटणं, भिजवणं आणि "आज काय करू" हा विचार, यात ते जातात. ही कामं गेली तर साडेसहाला आलेली बाई पावणेआठला ताटं वाढू शकते.

आता कोणती तयारी आधी करता येते आणि कोणती नाही, हे नीट पाहू, कारण इथेच जास्त चुका होतात.

काळे हरभरे, मटकी, वाटाणे असं अख्खं कडधान्य सकाळी आठला भिजत घालून जा. दहा तास त्याला चालतात. डाळीचं तसं नाही. तुरीची किंवा मुगाची डाळ सकाळी भिजवली तर संध्याकाळी पाण्यावर फेस येतो, आंबूस वास येतो. तुरीच्या डाळीला अर्धा तास पुरे. तुमचा मुलगा शाळेतून पाच-सव्वापाचला येत असेल. बारा वर्षांच्या पोराला दोन वाट्या मोजून डाळ धुणं आणि पाण्यात घालणं नक्की जमतं. हे काम मुलीवर ढकलू नका, मुलालाच द्या.

पालेभाजी सकाळी निवडून ठेवा, पण धुऊ नका. धुतलेली मेथी किंवा पालक दिवसभरात काळा पडून सडायला लागतो. निवडलेली भाजी ओलसर सुती कापडात सैल गुंडाळून माठाजवळ ठेवली की संध्याकाळपर्यंत टवटवीत राहते. सांबार, म्हणजे कोथिंबीर, काड्यांसकट तांब्यात उभा ठेवा. वांगी मात्र सकाळी चिरूच नका. चिरलेलं वांगं हवा लागून काळं पडतं. मिठाच्या पाण्यात ठेवलं तरी दहा तासांत पाणी पिऊन बेचव होतं. आलूही संध्याकाळीच, सालीसकट अख्खे उकडा. लसूण सोलण्याचं काम सासूबाईंना आठवड्यातून एकदा द्या. चार गड्ड्या सोलून, न धुता, कोरड्या बरणीत ठेवायच्या आणि तोंडाला फक्त कापड बांधायचं. सहा-सात दिवस बिघडत नाहीत.

वाटणाचं सांगायचं तर ओलं आणि कोरडं वेगळं करा. कांदा-लसणाचं ओलं वाटण फ्रिजशिवाय दुसऱ्या दिवशी आंबतं. कोरडा मसाला महिनाभर टिकतो. सहा माणसांच्या घराला पंधरा-वीस दिवस पुरेल असं प्रमाण हे: सुकं खोबरं २०० ग्रॅम, धने १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, जिरं आणि खसखस २५-२५ ग्रॅम, दालचिनी, काळी मिरी आणि दगडफूल १०-१० ग्रॅम, लवंग ५ ग्रॅम, चार मोठे वेलदोडे, सहा तमालपत्रं. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, मंद आचेवर भाजायचा. एकत्र टाकले तर खोबरं जळेपर्यंत धने कच्चेच राहतात आणि खसखस तर आधीच कडू झालेली असते. पूर्ण गार झाल्यावर, सकाळी लाइट असताना, मिक्सरमधून जाडसर काढा. गरम असताना वाटलं तर खोबऱ्याचं तेल सुटून गोळा होतो आणि तो लवकर खवट होतो. यात तिखट घालू नका. तिखट वेगळं राहिलं की पोरांसाठी आणि मोठ्यांसाठी एकाच मसाल्यात दोन तऱ्हा करता येतात. एका वेळच्या भाजीला अडीच मोठे चमचे मसाला पुरतो. संध्याकाळी फक्त कांदा चिरायचा आणि लसूण खलबत्त्यात ठेचायचा, मिक्सर लागत नाही. हळद-तिखट आपल्या भागातलंच घ्या. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही. त्यांचा रंग आणि वास कमी मालातच येतो.

आता संध्याकाळ. वावरातून आल्या-आल्या आधी हात-पाय आणि तोंड साबणाने धुवा, कपडे बदला, मगच पिठाला हात लावा. तुरीवर फवारणी चालू असते त्या दिवसांत घरधन्यांनीही हे केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही. त्यांचे कपडे बाहेरच, वेगळ्या बादलीत. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे तुम्हाला सांगायला नको. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी, पीठ काहीही ठेवू नका.

साडेसहाला पहिलं काम कुकर. मुलाने भिजवलेली डाळ चढवा आणि दुसऱ्या शेगडीवर भाकरीसाठी पाणी ठेवा. कुकरच्या तीन शिट्ट्या आणि मंद आचेवर पाच मिनिटं, तेवढ्यात कांदा चिरून होतो. कुकर उतरला की त्या शेगडीवर भाजी, आणि सात-सव्वासातपासून भाकरी. सहा माणसांच्या दहा भाकरी, एकेक तीन मिनिटांची, म्हणजे अर्धा तास. या क्रमात हात मोकळा राहत नाही आणि गॅसही मोकळा राहत नाही. पाट-पाणी घेणं, पाणी भरणं, ताटं मांडणं हे या वेळात घरधन्यांचं आणि मुलांचं काम. तेही वावरातून थकून येतात हे खरं, पण तुम्हीही तिथूनच येता.

डाळ शिजत नाही याची तीन कारणं असतात. डाळ जुनी, पाणी जड, किंवा आंबट आधी पडलेलं. तिसरं कारण आपल्याकडे फार घडतं. डाळभाजी करताना अंबाडी, चुका किंवा टमाटर डाळीबरोबरच कुकरात टाकतात. आंबटात डाळ मऊ पडत नाही, सात शिट्ट्या काढा नाहीतर नऊ. दाणा बोटाने दाबला की आत कडक लागतो. आंबट नेहमी शिजलेल्या डाळीत, मागाहून. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या चुन्यामुळेही हेच होतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याकडे, बाया डाळीसाठी गोडं पाणी वेगळं भरून ठेवतात. तुमच्याकडे नळाचं पाणी येत असेल तर तेवढं एक घागरभर डाळीला राखून ठेवा. खायचा सोडा हा शेवटचा उपाय आहे, तोही चिमटीत मावेल एवढाच. जास्त पडला तर डाळीला साबणासारखी चव येते आणि तिच्यातलं जीवनसत्त्व जातं.

डाळभाजीचं माप देते. इथे आणि पुढेही वाटी म्हणजे रोजची, दीडशे मिलीची. तुरीची डाळ एक वाटी, हरभऱ्याची डाळ पाव वाटी, मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), पालकाची एक जुडी बारीक चिरून, हळद, थेंबभर तेल आणि साडेतीन वाट्या पाणी, हे सगळं कुकरात. अर्धी जुडी आंबटचुका वेगळ्या भांड्यात दोन-तीन मिनिटं वाफवून घ्या. डाळ उतरली की त्यात चुका आणि एक चमचा बेसन घालून घोटा. बेसनामुळे डाळ आणि पाणी वेगवेगळं होत नाही. मीठ घालून पाच मिनिटं उकळा. वरून फोडणी: चार चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, दहा-बारा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, चार सुक्या मिरच्या. लसूण तांबूस झाल्याशिवाय ओतू नका, डाळभाजीची सगळी चव त्या लसणात असते.

भाकरीकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की काठ फाटतात. हे हाताचं नसून बहुतेक पिठाचं किंवा पाण्याचं असतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कणकेसारखं पीठ मळून ठेवलं की ताणतं असं होत नाही. ज्वारीला धरून ठेवते ती विरी, आणि दळून महिना झालेल्या पिठाची ती कमी होते. वेचणीच्या घाईत तुम्ही एकदम मोठं दळण आणत असाल. ते बंद करा. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा आणि पीठ गिरणीतून आल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. सोबत पाच किलो ज्वारीत पाव किलो उडदाची डाळ टाकून दळलं तर भाकर मऊ राहते आणि जरा जुन्या पिठालाही जमते.

पाणी उकळतंच हवं. उकळत्या पाण्याने पिठातला थोडा भाग शिजतो आणि तोच बाकीच्याला धरतो. परातीत दहा वाट्या पीठ घ्या, मधे आळं करा, चार वाट्या उकळतं पाणी ओता, उलथण्याने कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मग एका भाकरीपुरतंच पीठ ओढून घ्या, कोमट पाण्याचा हात लावत तळव्याच्या टाचेने दीड-दोन मिनिटं रगडा. इथे घाई केलीत की काठ फाटलेच म्हणून समजा. बरोबर मळलेला गोळा बोटाने दाबला तर खळगा पडतो आणि त्याच्या कडेला चीर जात नाही. चीर गेली तर थोडं पाणी आणि अजून रगडा. सगळं पीठ एकदम मळू नका. मळून ठेवलेला गोळा दहा मिनिटांत कोरडा पडतो आणि चौथी-पाचवी भाकर फाटायला लागते. पहिल्या तीन भाकरी चांगल्या आणि पुढच्या वाईट येत असतील तर कारण हेच.

थापताना खाली पीठ थोडंच. जास्त पीठ लागलं की तव्यावर ते जळतं आणि भाकरीवर पांढरे कोरडे डाग राहतात. तवा चांगला तापलेला हवा. भाकरीची पिठाची बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच ओल्या हाताने वरून सगळीकडे सारखं पाणी फिरवा, काठालाही. उलटायची वेळ ही भाकरीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाण्याची चकाकी गेली पण पृष्ठभाग अजून ओलसर आहे, तेव्हा उलटायची. आधी उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर वरचा पापुद्रा वाळून तडे जातात आणि वाफ तिथून निघून जाते, मग भाकर फुगत नाही. दुसरी बाजू पूर्ण भाजू द्या, मग तवा बाजूला करून पहिली बाजू जाळावर धरा, फुगते. झाल्या-झाल्या सुती कापडात गुंडाळा. उघडी ठेवलेली भाकर थंड होताना कडक होते. सासू-सासऱ्यांना चावायला जड जात असेल तर आठवड्यातून एक-दोनदा त्यांच्यासाठी ज्वारीच्या कण्या करा. एक वाटी कण्या मुलगा साडेपाचला भिजवेल. चार-पाच वाट्या पाण्यात मीठ घालून मंद आचेवर पंचवीस मिनिटं, मधून ढवळत, आणि वाढताना ताक. हे भाकरीच्या तव्याशेजारी आपोआप शिजतं.

रोजचं चून नको वाटत असेल तर आठवड्याला दोन रात्री भाकर सोडून भाताच्या ठेवा. त्या रात्री तुमचा अर्धा तास वाचतो. त्यासाठी आपल्या गोळाभातासारखं दुसरं काही नाही, आणि तो सणावारापुरता ठेवण्याचं कारणही नाही. तीन वाट्या तांदूळ धुऊन ठेवा. दीड वाटी हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा घ्या, बारीक बेसन नको, त्याचे गोळे घट्ट आणि चिकट होतात. भरड्यात हळद, तिखट, मीठ, हिंग, सांबार आणि तीन मोठे चमचे कडकडीत तेल घाला. पाण्याचे हबके मारून मूठ वळेल इतकंच ओलं करा, पाव वाटीच्या वर पाणी लागत नाही. लिंबाएवढे बारा गोळे हलक्या हाताने वळा. दाबून वळलेला गोळा आत कच्चा राहतो. गंजात, म्हणजे पातेल्यात, सहा वाट्या पाणी उकळून तांदूळ टाका. पाणी आटून भातावर छिद्रं दिसायला लागली की गोळे वर ठेवा, अर्धे आत जातील इतके दाबा, घट्ट झाकण ठेवा, खाली तवा, आच मंद, बारा ते पंधरा मिनिटं. पाणी पूर्ण आटण्याआधी गोळे टाकले तर ते विरघळून भाताची खिचडी होते. ताटात भातावर गोळा कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, सुकी मिरचीची गरम फोडणी. सोबत कढी किंवा पातळ ताक. भरड्यासाठी सुटं बेसन विकत न घेता घरची हरभऱ्याची डाळ गिरणीवर जाडसर दळून आणा. स्वस्त सुट्या बेसनात लाखोळी डाळीची भेसळ होत आली आहे, आणि लाखोळी रोज भरपूर पोटात गेली तर पायातली ताकद जाते.

वेचणीचे दिवस म्हणजे तुरीच्या शेंगांचेही दिवस. धुऱ्यावरच्या हिरव्या शेंगा रोज येताना पदरात आणता येतात आणि सासऱ्यांना आठ वर्षांच्या नातीबरोबर बसून सोलायला देता येतात. दोन वाट्या सोले, म्हणजे सोललेले हिरवे दाणे, लागतात. थोड्या तेलात ते काळपट ठिपके येईस्तोवर परता, त्याने कच्चा उग्र वास जातो. मग लसूण आणि दोन-तीन हिरव्या मिरच्यांसोबत पाट्यावर जाडसर ठेचा. अगदी बारीक वाटलं तर आमटी लापशीसारखी दाटते. कढईत कांदा परतून एक चमचा कोरडा मसाला, ठेचलेले सोले, पाच वाट्या गरम पाणी, मीठ, आणि दहा मिनिटं उकळी. ही आमटी आणि भाकर असली की त्या रात्री दुसरं काही करू नका.

पोरांना बाजारातलं का आवडतं ते आता पाहू, कारण ती चव घरी देता येते. त्यात तीन गोष्टी असतात. चांगला तांबूस परतलेला कांदा, हात सोडून घातलेलं तेल, आणि वर तरंगणारी तर्री. तर्रीची एक गोष्ट लक्षात ठेवा: मिरचीचा रंग आणि तिखटपणा, दोन्ही पाण्यात फारसे उतरत नाहीत, तेलात उतरतात. म्हणून रस्सा उकळून मग ढवळणं थांबवलं की लाल तेल वर येतं आणि सगळ्यात जास्त तिखट तिथे असतं. हे कळलं की एकाच गंजातून दोन चवी काढता येतात.

तर्री-पोह्याची रात्र अशी: दीड वाटी काळे हरभरे सकाळी भिजवलेले. संध्याकाळी मीठ घालून, हरभऱ्याच्या वर चार बोटं पाणी ठेवून सहा शिट्ट्या. कढईत अर्धी वाटी तेल, तीन बारीक चिरलेले कांदे मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, पूर्ण बदामी होईपर्यंत. इथे पाच मिनिटांत उरकलं तर रस्सा गोडसर आणि कच्चट लागतो. मग ठेचलेला लसूण, अडीच चमचे कोरडा मसाला. तिखट दोन चमचे, पण कोरडं टाकू नका. तीन चमचे पाण्यात कालवून टाका, नाहीतर गरम तेलात पडताच जळून काळं होतं, ठसका उठतो आणि तर्री तपकिरी येते. कडेला तेल सुटलं की हरभरे, त्यांचं पाणी आणि लागेल तसं गरम पाणी मिळून सहा वाट्या. थंड पाणी ओतलं तर मसाला आखडतो आणि तेल नीट वर येत नाही. दहा मिनिटं मंद उकळा, मग झाकून हलवू नका. पाच मिनिटांनी पळीने वरची तर्री एका वाटीत काढा, ती मोठ्यांसाठी. खालचा रस्सा पोरांना. अर्धा किलो जाड पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवायचे, रोजच्यासारखे कांदा घालून परतायचे, वरून रस्सा, कांदा, सांबार, लिंबू. पोहे पाण्यात भिजत ठेवले तर लगदा होतो, धुऊन लगेच काढायचे.

रविवारच्या बाजाराचं मात्र धोरण ठरवा. सहा जणांनी तिथे दोन-दोन समोसे किंवा आलूबोंडे खाल्ले तर अर्धं जेवण झालेलं असतं. त्या रात्री पूर्ण स्वयंपाक करण्याची गरज नाही. घरी येऊन मुगाच्या डाळीची पातळ खिचडी: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, दहा वाट्या पाणी, हळद, मीठ, चार शिट्ट्या. भिजवायलाही लागत नाही. सोबत ताक. बाजारात घेताना कढईतून समोर निघालेलंच घ्या. ढिगातलं थंड पुन्हा बुडवून दिलेलं नको. कढईतलं तेल काळं, दाट झालेलं आणि फेसाळत असेल तर ते दुकान सोडा. उघड्या भांड्यातली पातळ चटणी टाळा, तिच्यातलं पाणी उकळलेलं नसतं. कढी उकळत असेल तर ती चालेल. आणि भजे वर्तमानपत्रात घेऊ नका. गरम तेलात शाईतले घातक रंग उतरतात, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच याबद्दल सूचना काढली आहे. घरून एक स्टीलचा डबा न्या.

धाब्याची आठवण तुमच्या मनात सलते आहे, ते पत्रातून दिसतं. सावजी रस्सा सांगताना "तिखट कमी करा" म्हणून फार उपयोग होत नाही, कारण तो रस्सा सकाळीच मोठ्या गंजात मसाला घालून झालेला असतो. तुमच्या ताटासाठी वेगळा होत नाही. तुम्ही वर पाहिलंत तेच इथे लागू आहे. वाटी आली की न हलवता वरचं लाल तेल चमच्याने दुसऱ्या वाटीत काढा, मगच पोरांना वाढा आणि भाकरीऐवजी भातावर वाढा. तोंड भाजलं तर पाणी देऊ नका, त्याने तिखट जात नाही. दही किंवा ताक द्या, त्यातल्या दुधाच्या अंशाने ते उतरतं. सहा जणांसाठी एक सावजी रस्सा, दोन शेवभाजी, एक साधी डाळ, दोन भात आणि दही पुरतं. शेवभाजीची शेव वेगळी मागा आणि ताटात वाढताना टाका. आधी टाकून आणली तर दहा मिनिटांत ती रस्सा पिऊन लगदा होते, आणि मग पुन्हा रस्सा मागवण्याचे पैसे पडतात. घरून कापडात गुंडाळलेल्या आठ-दहा भाकरी नेल्या तर बहुतेक धाबेवाले हरकत घेत नाहीत. बसण्याआधी एकदा विचारून घ्या.